टाळी दोनदा वाजवायची

मांडवात सनई-चौघडा सुरू व्हायच्या आधी आमची एक टाळी वाजायची. कॅमेरे चालू झाले की माझे मिस्टर मधोमध येऊन उभे राहायचे, दोन्ही हात छातीसमोर धरायचे आणि एकच कडक टाळी द्यायचे. कॅसेट संपत आली की पुन्हा तशीच एक. पाव्हणेमंडळी वळून बघायची. त्या टाळ्या कुणाच्याही लग्नाच्या डीव्हीडीत दिसल्या नाहीत, कारण त्या मी कापून टाकायची. पण आमच्या कराडच्या स्टुडिओत मी जे काम केलं, ते सगळं त्या दोन टाळ्यांच्या मापावर केलं.

स्टुडिओ मूळ सासऱ्यांचा, फोटोंचा. २००३ साली आम्ही मिनीडीव्ही कॅमेरा घेतला. मिस्टर शूटिंगला जायचे आणि मी कॉम्प्युटरवर बसायची. माहेरी मी आठ वर्षं पेटी शिकले होते. त्याचा या धंद्यात काय उपयोग, असं तेव्हा घरात सगळ्यांना वाटायचं. पण डीव्हीडी बिघडते ती नव्वद टक्के वेळा आवाजात बिघडते, आणि ते डोळ्यांच्या आधी कानाला कळतं. हे मी वीस वर्षांच्या कामावरून सांगते.

लोक म्हणायचे, ‘वहिनी, कॅसेटची सीडी मारून द्या.’ मारून द्यायला ती कॉपी नव्हती. घरातल्या टीव्हीखालचा डीव्हीडी प्लेअर हा कॉम्प्युटर नाही. १९९६च्या शेवटी जपानमध्ये डीव्हीडी बाजारात आली तेव्हा तिचे जे नियम ठरले, तेवढेच त्याला कळतात. चित्र एमपेग-२ पद्धतीनं दाबलेलं हवं. आपल्याकडच्या ‘पाल’ पद्धतीत ते ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं आणि सेकंदाला २५ चित्रं या वेगाचं हवं. आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने हवेत, आणि तो पीसीएम म्हणजे न दाबलेला, किंवा डॉल्बी डिजिटल, किंवा एमपेगचा दुसरा थर, अशा ठरलेल्या साच्यातला हवा. एमपीथ्री चालत नाही. हे सगळं एकत्र विणून व्हीओबी नावाच्या फायलींमध्ये भरायचं, कुठलं प्रकरण कुठून सुरू होतं याची यादी आयएफओ फायलीत लिहायची, आणि त्या यादीची एक नक्कल बीयूपी फायलीत ठेवायची. या सगळ्या कामाला ऑथरिंग म्हणतात.

प्लेअरचे नियम एकच, पण त्यांच्यापर्यंत येणारे रस्ते अनेक होते. आमच्याकडे विंडोजचा पीसी होता. पुण्यातल्या एका मित्राकडे अॅपलचा मॅक होता. नंतर इंजिनिअरिंगला गेलेल्या भाच्यानं जुन्या मशीनवर लिनक्स घालून दिलं. तिन्ही ठिकाणी डीव्हीडी तयार होते, पण तिन्ही मशीन आवाज आणि चित्र वेगवेगळ्या रिवाजानं हाताळतात. कच्चा माल एका मशीनवरून दुसऱ्यावर नेला की तो रिवाज आडवा येतो.

हे मला पुरतं समजलं ते २००५च्या एका लग्नात. मुलगी कराडची, मुलगा न्यू जर्सीत नोकरीला. मंगलाष्टका मुलीच्या आजोबांनी स्वतः रचलेल्या आणि तेच म्हणणार होते. वय ऐंशीच्या पुढं, आवाज थोडा थरथरता, पण सुराला पक्का. आदल्या दिवशी ते मला म्हणाले, ‘पोरी, चित्र कसंही येऊ दे. माझे शब्द तेवढे नीट ऐकू येऊ देत.’

आमचा कॅमेरा स्टेजसमोर होता. दुसरा कॅमेरा पुण्याच्या मित्राचा, बाजूला. आजोबांचा माइक साउंडवाल्याच्या मिक्सरला होता आणि तिथून एक वायर त्याच्या लॅपटॉपला. रात्री स्टुडिओत हिशेब मांडला तेव्हा एकाच लग्नाचे तीन आवाज हाती होते आणि तिन्ही वेगळ्या मापाचे. आमच्या कॅसेटवर सेकंदाला ४८,००० नमुने. मित्राचा कॅमेरा १२ बिटवर राहिला होता, त्यात सेकंदाला ३२,०००च येतात. लॅपटॉपवर ४४,१००, कारण ऑडिओ सीडीचं माप ते, आणि बहुतेक साध्या रेकॉर्डिंगचं तेच असतं.

नमुने म्हणजे काय? आवाज हवेत सलग असतो. मशीन दर सेकंदाला हजारो वेळा त्याची उंची मोजून आकडे लिहून ठेवतं. किती वेळा मोजलं ते फायलीच्या कपाळावर लिहिलेलं असतं. तो आकडा कुणी चुकीचा वाचला, ४४,१००ची फाईल ४८,०००ची समजून वाजवली, की आवाज जवळजवळ नऊ टक्के जलद पळतो. तासाभराचं रेकॉर्डिंग ५५ मिनिटांत संपतं. पेटीवाल्यांना सांगायचं तर काळी एकमध्ये गाणारा माणूस पांढरी दोनच्या पुढं आणि काळी दोनच्या अलीकडं कुठंतरी बेसूर लटकतो. आजोबा काळी एकमध्येच म्हणायचे. म्हणून त्या फायलीशी मी खेळ केला नाही. आधी तिन्ही आवाज रीतसर ४८,०००च्या मापात आणले, आणि ते एकदाच. माप बदलताना मधले आकडे हिशेबानं नव्यानं काढावे लागतात. हे दोन-दोनदा केलं की आवाज थकतो.

एवढं केलं तरी घड्याळाचा प्रश्न उरतोच. दोन मशीन ‘सेकंदाला ४८,०००’ म्हणतात, पण प्रत्येकाच्या पोटातलं घड्याळ किंचित वेगळं चालतं. घरगुती मिनीडीव्ही कॅमेऱ्यांत आवाज आणि चित्र घट्ट बांधलेले नसायचे. नियमानं ‘पाल’च्या एका चित्रामागं बरोबर १,९२० नमुने यायला हवेत, पण इथं एखादा इकडं, एखादा तिकडं. समजा कॅमेऱ्यानं ४८,०००च्या जागी ४८,०१० नमुने घेतले. सेकंदाला दहा म्हणजे काहीच नाही असं वाटतं. तासाअखेरीस मात्र पाऊण सेकंदाचा फरक पडतो, म्हणजे १८-१९ चित्रं. तेवढ्यात गुरुजींचे ओठ मिटून जातात आणि शब्द मागून येतो.

म्हणून टाळी. पहिल्या टाळीला हात जुळल्याचं चित्र आणि लॅपटॉपवरच्या आवाजातला ‘टप्’ एका रेषेत आणायचा. मग शेवटच्या टाळीपाशी जायचं. त्या लग्नात दोन टाळ्यांमध्ये ४० मिनिटं होती आणि शेवटी फरक निघाला ६ चित्रांचा, म्हणजे पाव सेकंदाला किंचित कमी. दहा हजारांत एक भाग. तेवढ्या प्रमाणात मी लॅपटॉपचा आवाज आवळला. सुरात त्यानं काही फरक पडत नाही, कान कितीही तयार असला तरी. पण ‘सावधान’ संपताना अक्षता हवेत उडालेल्या दिसतात, त्या बरोबर त्या अक्षरावर दिसायला लागल्या.

दोष कुठल्या जातीचा आहे, हेसुद्धा टाळ्यांवरूनच कळतं. आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच मागं असेल तर घड्याळाचा दोष नाही, फाईल फोडताना सुरुवातीचा वेळ कुणीतरी हरवलाय. एमपेगमध्ये प्रत्येक चित्राला आणि आवाजाच्या प्रत्येक तुकड्याला वेळेचा शिक्का असतो आणि तो सेकंदाच्या ९०,०००व्या भागात मोजतात. चित्राचा पहिला शिक्का आणि आवाजाचा पहिला शिक्का एकच असेल असं नसतं. चित्र एका फायलीत, आवाज दुसऱ्या फायलीत असं वेगळं केलं की शिक्के निघून जातात, दोन्ही फायली शून्यापासून सुरू होतात, आणि मधलं अंतर कायमचं पुसलं जातं. मॅकवर तर ऑथरिंगच्या वेळी चित्र आणि आवाज अलगच द्यायची पद्धत होती. विंडोजवरची पुष्कळ सॉफ्टवेअरं एकत्र विणलेली फाईल घ्यायची. एकीकडून दुसरीकडं जाताना हा अपघात हमखास व्हायचा. फरक सुरुवातीला नसेल आणि वाढत जात असेल, तर मात्र घड्याळच. या दोन दोषांचं औषध एकमेकांना चालत नाही. वाढत जाणाऱ्या दोषावर सगळा आवाज चार चित्रं पुढं सरकवून मोकळे झालेले लोक मी पाहिले आहेत. त्यांची सुरुवात बिघडते आणि शेवटही सुधारत नाही.

किती फरक चालतो? युरोपातल्या प्रसारण संस्थांच्या संघटनेची शिफारस आहे: आवाज चित्राच्या पुढं ४० मिलिसेकंदांपर्यंत आणि मागं ६० पर्यंत. मागं राहण्याला सूट जास्त, याचं कारण निसर्गात आहे. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो, म्हणजे एका चित्राच्या वेळात जेमतेम १४ मीटर. मांडवाच्या शेवटच्या रांगेतल्या माणसाला ताशाची काडी आधी दिसते आणि ठोका नंतर ऐकू येतो. डोळ्यांना ती सवय जन्मापासूनची. ठोका आधी आणि काडी नंतर, हे मात्र जगात कुठंच घडत नाही. म्हणून शंका आली तर मी आवाज अर्धं चित्र मागंच ठेवायची.

आता एक गंमत सांगते, गाणं शिकलेल्यांना ती आवडेल. ‘पाल’मध्ये एक चित्र ४० मिलिसेकंद टिकतं. डॉल्बी डिजिटलचा आवाज १,५३६ नमुन्यांच्या पुड्यांत बांधलेला असतो आणि एक पुडी ३२ मिलिसेकंदांची होते. म्हणजे चार चित्रांत पाच पुड्या. चारात पाच अशी ही लय आहे आणि १६० मिलिसेकंदांनी दोघं समेवर येतात. मध्येच कुठं कात्री लावली तर चित्र पूर्ण निघतं आणि आवाजाची पुडी अर्धवट फाटते. म्हणून मी दाबलेल्या आवाजावर कधी कात्री चालवली नाही. सगळी काटछाट कच्च्या आवाजावर करायची आणि सर्वांत शेवटी, एकदाच, दाबायचं.

पुण्याच्या मित्रानं त्याची कॅसेट मॅकवर उतरवली आणि हार्ड डिस्क पिशवीत घालून एसटीनं कराडला घेऊन आला. ती डिस्क दोन्ही मशीनला वाचता यावी म्हणून फॅट-३२ पद्धतीनं मांडलेली होती. मॅकची स्वतःची मांडणी विंडोजला वाचता येत नव्हती. फॅट-३२मध्ये एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. मिनीडीव्हीचं एक तासाचं चित्रण १३ जीबीच्या आसपास जातं, म्हणजे वीस मिनिटांतच भिंत लागते. त्यानं तुकडे करून आणले होते आणि एक तुकडा नेमका कन्यादानात तुटला होता. तिथं दोनतीन चित्रं गेली होती. आमच्या कॅमेऱ्याचं चित्र तेवढ्या जागी लावून घेतलं.

आवाज त्यानं वेगळा काढून दिला होता, आणि तिथं मी पहिल्यांदा हादरले. माझ्या सॉफ्टवेअरनं ती फाईल ओळखली नाही, म्हणून नुसते आकडे समजून ती उघडली. स्पीकरमधून पत्र्यावर वळीव कोसळावा तसा आवाज आला. मंगलाष्टका त्यात कुठंच नाहीत. मला वाटलं, गेलं सगळं.

आवाजाचा प्रत्येक नमुना दोन बाइटमध्ये लिहिलेला असतो, एक मोठ्या किमतीचा आणि एक छोट्या. मॅकच्या एआयएफएफ फायलीत मोठा आधी लिहायचा रिवाज, विंडोजच्या वेव्ह फायलीत छोटा आधी. आपण मराठी माणसांना हे समजायला जड जाऊ नये. आपण ‘पंचवीस’ म्हणतो तेव्हा पाच आधी आणि वीस नंतर. लिहितो मात्र २ आधी आणि ५ नंतर. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ म्हणायचं ठरलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद झाला होता. इथंही भांडण तेच. ‘पंचवीस’ ऐकून कुणी ५२ लिहून ठेवलं आणि असं सेकंदाला हजारो वेळा केलं, तर जे होईल ते मी त्या रात्री ऐकलं. सॉफ्टवेअरमध्ये मोठा बाइट आधी असल्याची खूण केली आणि पुन्हा उघडलं. गुरुजींचा आवाज स्वच्छ आला. आकडा एकही हरवला नव्हता. खरी गंमत कळली ती नंतर: डीव्हीडीच्या आत न दाबलेला आवाज मोठा बाइट आधी असाच लिहितात. म्हणजे माझ्या विंडोजच्या वेव्ह फायलीही शेवटी उलट्या होऊनच डिस्कवर जात होत्या. ते काम सॉफ्टवेअर गुपचूप करायचं.

चित्राच्याही अशाच खोड्या होत्या. त्या थोडक्यात सांगते, कारण त्या दिसतात आणि दिसल्या की दुरुस्त होतात. त्या काळचं चित्र दोन फण्यांसारखं असायचं, एकाआड एक रेघांचं. मिनीडीव्ही खालची फणी आधी देतो. एमपेग बनवताना ‘वरची आधी’ असं चुकून ठरवलं की ताशावाल्याचा हात पुढं-मागं-पुढं असा थरथरतो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर हे लक्षात येत नाही, म्हणून आमच्याकडं जुना काचेचा टीव्ही तपासणीसाठी कायम ठेवलेला होता. मॅकचा पडदा २००९पर्यंत चित्र विंडोजपेक्षा उजळ दाखवायचा, त्यामुळं मित्रानं ‘ठीक आहे’ म्हणून पाठवलेलं दृश्य आमच्याकडं काळवंडायचं. सुरुवातीच्या पाटीवर गोलातला गणपती असायचा. तो ७६८ बाय ५७६वर काढून मग ७२०मध्ये दाबावा लागायचा, कारण टीव्हीचा ठिपका चौकोनी नसतो. नाहीतर गोलाचं अंडं व्हायचं. आणि श्रीलिपीत टाइप केलेली वधू-वरांची नावं मॅकवर उघडली की भलतीच अक्षरं दिसायची, म्हणून नावं नेहमी चित्र करून पाठवायची.

जागेच्या हिशेबाकडं मात्र मला सावकाश वळायचंय, कारण आवाजावर अन्याय होतो तो इथं.

साध्या डीव्हीडीत ४.७ अब्ज बाइट मावतात. दोन तासांत ते वाटले तर सेकंदाला साधारण ५.२ मेगाबिट मिळतात, चित्र आणि आवाज धरून. न दाबलेला पीसीएम आवाज त्यातले दीड मेगाबिट एकटा घेतो. डॉल्बी डिजिटल ०.१९२ मेगाबिटमध्ये भागवतो. पार्टी म्हणायची, ‘तीन तास एकाच डिस्कवर बसवा.’ तीन तास म्हटलं की सेकंदाला साडेतीन मेगाबिटच हातात उरतात. पीसीएम ठेवलं तर चित्राला दोनसुद्धा राहत नाहीत. एमपेग-२ काम करतं ते शेजारच्या चित्रातला सारखा भाग पुन्हा न लिहिता, फक्त बदल लिहून. बसलेले पाव्हणे त्याला स्वस्त पडतात. अक्षता उडतात तो क्षण सगळ्यांत महाग, कारण हजारो पांढरे ठिपके, प्रत्येक वेगळ्या दिशेला, काहीच सारखं नाही. नेमक्या मुहूर्तावर चित्राचे चौकोन फुटलेले आपण सगळ्यांनी लग्नाच्या सीडीत पाहिलेत, ते याच्यामुळं.

म्हणून आजोबांच्या लग्नात मी हट्ट धरला. दोन तासांच्या आत सगळं बसवायचं, आणि मुहूर्ताची वीस मिनिटं वेगळ्या घरात ठेवायची. डीव्हीडीत एका टायटल सेटमध्ये आवाजाची एकच जात एका जागी चालते, पण दुसरा टायटल सेट केला की तिथं वेगळी जात ठेवता येते. असे ९९ सेट करता येतात, मला दोनच हवे होते. मुहूर्ताला पीसीएम आवाज आणि चित्राला सात-साडेसात मेगाबिट. त्याहून जास्त मी देत नसे. नियम चित्राला ९.८ आणि सगळं मिळून १०.०८पर्यंत मुभा देतात, पण घरी राईट केलेल्या डिस्कवर जुने प्लेअर तिथं अडखळतात. बाकीच्या दीड तासाला डॉल्बी डिजिटल आणि चित्राला साडेचार. मेनूवर ‘मंगलाष्टका’ असं वेगळं बटण. मुलीच्या वडिलांना मी आकडे सांगितले नाहीत. ‘आजोबांचा आवाज जसाच्या तसा ठेवायचा असेल तर मला एवढी जागा द्या,’ एवढंच म्हटलं. त्यांनी जेवणावळीची पस्तीस मिनिटं काढायला सांगितली.

एक चूक माझ्याकडून राहिली असती. डॉल्बी डिजिटलमध्ये बोलण्याची सरासरी पातळी सांगणारा एक आकडा असतो आणि प्लेअर तो वाचून आवाज कमी करतो. मित्राच्या मॅकवरच्या सॉफ्टवेअरमध्ये तो उणे २७वर ठरलेला होता, म्हणजे प्लेअर चार डेसिबल खाली आणणार. पीसीएमला असा आकडा लागू होत नाही. सनईच्या भागातून मंगलाष्टकांच्या बटणावर गेलं की आवाज एकदम अंगावर यायचा. उणे ३१ केलं तेव्हा दोन्ही सारखे झाले. हे मला दोन-तीन प्लेअर बदलून, टीव्हीचा रिमोट हातात धरून, रात्री एकला सापडलं.

डिस्क राईट करणं हा शेवटचा फाटा. व्हिडिओ टीएस नावाचा फोल्डर साध्या डेटासारखा ओढून टाकला तर कॉम्प्युटर वाजवतो, टीव्हीचा प्लेअर मात्र अडून बसू शकतो. त्याला यूडीएफची १.०२ ही जुनी मांडणी हवी असते आणि फायलीही ठरलेल्या क्रमानंच डिस्कवर पडायला हव्या असतात. आयएफओ आणि तिची नक्कल यांच्यात तर मुद्दाम अंतर ठेवायचं, एका ओरखड्यानं दोन्ही जाऊ नयेत म्हणून. मॅक स्वतःच्या अदृश्य फायली हळूच डिस्कवर टाकतो, त्याही नकोत. भाच्यानं लिनक्सवर डीव्हीडीऑथर शिकवलं तेव्हा हे सगळं पहिल्यांदा उघड्यावर बघायला मिळालं. त्यात खिडक्या नाहीत, बटणं नाहीत. कुठलं चित्र, कुठला आवाज, कुठं प्रकरण हे साध्या मजकुरात लिहून द्यायचं. चूक असेल तर ते थेट सांगतं. आवाजाची फाईल ४४,१००ची असेल तर गुपचूप बदलून घेत नाही. मला त्याचा हा स्वभाव फार आवडला.

डिस्क न्यू जर्सीला गेली आणि पंधरा दिवसांनी फोन आला. टीव्हीच्या प्लेअरवर लागतच नाही, लॅपटॉपवर लागते. तिकडची पद्धत एनटीएससी, सेकंदाला २९.९७ चित्रं, रेघा ४८०. आपल्याकडचे प्लेअर बहुधा दोन्ही पद्धती वाजवतात, अमेरिकेतले ‘पाल’ बहुधा वाजवत नाहीत. लॅपटॉपला या भेदाशी देणंघेणं नसतं. दुसरी डिस्क करायची होती. सोपा उपाय एकानं सुचवला: २५ची चित्रं तशीच ठेवून थोडी सावकाश चालवायची, म्हणजे २४च्या जवळ येतात आणि पुढचं जमवता येतं. उलट बाजूनं सिनेमावाले हेच करत आलेत. २४ चित्रांचा सिनेमा ‘पाल’ डिस्कवर २५नं पळवतात, दोन तासांचा सिनेमा पाच मिनिटं आधी संपतो आणि गाणी पेटीवरच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या जवळजवळ पाऊण हिश्शानं चढतात. आमच्याकडं मिळणाऱ्या कित्येक डिस्कमधली जुनी गाणी पेटीवर का लागत नाहीत, हे मला तेव्हा उलगडलं. आजोबांचा सूर उतरवायला माझं मन धजलं नाही. चित्रांचा वेग बदलून घेतला, वेळ तेवढाच ठेवला, आणि ४८,०००चा आवाज हात न लावता तसाच नवीन चित्राशी विणला. एनटीएससीत एका चित्रामागं १,६०१.६ नमुने येतात, पूर्ण आकडा येत नाही. पाच चित्रांनी ८,००८ होऊन हिशेब मिटतो. कच्च्या जोडणीत टाळ्या अजून होत्या. दुसऱ्या टाळीवर हात आणि आवाज एकत्र आले ते बघूनच टाळ्या कापल्या आणि डिस्क कुरिअरला दिली.

आजोबा २००९ साली गेले. आमच्या कॅसेटवर नंतर दुसरी लग्नं चढली. कॅसेट महाग होत्या, तेव्हा सगळेच स्टुडिओ तसं करायचे, आणि त्याचं मला आज वाईट वाटतं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर ती मुलगी आली होती, बरोबर तिचा बारा वर्षांचा मुलगा आणि ती लग्नाची डिस्क. तिच्या लॅपटॉपला डिस्क घालायची जागाच नव्हती. आमच्या जुन्या ड्राइव्हमध्ये डिस्क घातली. कडेला थोडी फिकी झाली होती, दोनदा अडखळली, तिसऱ्यांदा सगळी वाचली गेली. व्हीओबी फायली एक-एक जीबीला तुटलेल्या असतात. त्या नुसत्या एकापुढं एक चिकटवल्या तर वेळेचे शिक्के गोंधळतात, म्हणून आयएफओची यादी वाचूनच मुहूर्ताचा सेट बाहेर काढला. मोबाईलसाठी चित्र नव्यानं दाबलं, रेघांच्या फण्या सोडवून. आवाज दोन वेळा दिला: एक मोबाईलच्या फायलीत, आणि एक वेगळा, पीसीएममधून वेव्हमध्ये, एकही आकडा न बदलता.

मुलानं कानाला हेडफोन लावला. सुरुवातीला आजोबा घसा खाकरतात, तो मी २००५ साली कापला नव्हता. त्यानं आईकडं बघितलं. मी माझ्या सवयीनं शेवटच्या ‘सावधान’वर गेले आणि एक-एक चित्र पुढं सरकवत अक्षता बघितल्या. हात सुटले होते तेच अक्षर होतं.